सोयरिकीची चिलीम

॥ श्रीरेणुका प्रसन्न ॥
जालना, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

तीर्थरूप दादांचे सेवेसी, धाकटा भाऊ भुजंग याचा सा. नमस्कार वि. वि. येथे आम्ही तिघेही ठीक. आपली, वहिनींची व चि. कारभारीची खुशाली कळवीत जावे.

जिनिंग दिवाळीनंतर लगेच सुरू झाली. कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनाच्या रस्त्याला लागते आणि मी दिवसभर वजनाच्या काट्यावर उभा. संध्याकाळी घरी जातो तेव्हा भुवया, मिशा सगळे रुईने पांढरे झालेले असते. सगुणाची आई म्हणते की आता आरसा बघून घ्या, म्हातारपणी कसे दिसाल ते कळेल. हसू येते, पण हसण्याचेही श्रम होतात. छातीत भाता चालल्यासारखा आवाज येतो. दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती ऐकून सांगितले की ही रुईची धूळ आणि बिडीचा धूर, दोन्ही मिळून तुला खात आहेत, एक तरी सोड. धूळ सोडली तर खायचे काय? तेव्हा बिडी सोडणे आले.

पण यात माझी काही बहादुरी नाही. यंदा मालकाने फाटकावर सक्त मनाई बसवली आहे. गेल्या साली कुठेशी रुईच्या ढिगात ठिणगी पडली, तेव्हापासून सगळे धास्तावले आहेत. आमचा फाटकावरचा अजमत खां आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपतो. बिडी, काडी, चकमक, जे निघेल ते कोनाड्यात ठेवतो आणि संध्याकाळी परत देतो. मुनिमालाही त्याने सोडले नाही. दुपारच्या सुटीत बाहेर जाऊन ओढावी तर भाकरी खायला वेळ उरत नाही. सुरुवातीला मी भाकरी सोडून बिडी ओढली, पण काट्यावर चक्कर आली, मग भाकरी धरली. आमच्या खोलीखाली सरकीचे गोदाम, म्हणून घरमालकाची तिथेही बंदी. उरला फक्त जाण्यायेण्याचा रस्ता. आधी तेवढ्यासाठी जीव तळमळायचा, पुढे पुढे तेही होईना. परवा अजमत खांने बंडल हातात ठेवले आणि म्हणाला की कल का भी इधरच पडा है, भूल गए क्या. खरेच विसरलो होतो. बसायला जागाच उरली नाही म्हणून ती उठून गेली, असे समजा.

आता मुख्य काम. सगुणाला अठरावे लागले. अंबडचे स्थळ माझ्या खोकल्याने गेले, घरात क्षय आहे असे ते लोक चारचौघांत बोलले, हे आपल्याला ठाऊक आहेच. आता तिच्या मामांनी, अंबडच्या कचरूने, मंठ्याच्या रखमाजींचा मुलगा मच्छिंद्र सुचवला आहे. मुलगा निर्व्यसनी, घरची शेती. मार्गशीर्षात सुपारी फोडू असा त्यांचा निरोप आहे. आपण इकडे यावे, दोघे मिळून जाऊ. माझ्याने आता फार धावपळ होत नाही, दादा. हे एवढे माझ्या हातून पार पडावे.

वहिनींना नमस्कार, कारभारीला आशीर्वाद. माया आहे तशीच असू द्यावी, आणखी काय मागू?
आपला
भुजंग


॥ श्री ॥
पिंपळगाव रेणुकाई, कार्तिक वद्य द्वादशी

चि. भुजंगास बद्रीनाथचे अ. उ. आ. तुझे पत्र पावले. आमचे ठीक चालले आहे. तूर फुलावर आहे, ज्वारी कमरेला लागली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

बिडी सुटल्याचे वाचून मोठी करमणूक झाली. पारावर शेजारच्या मळ्याच्या कडूबाला वाचून दाखवले, तर तो म्हणाला की भुजंगाची बिडी सुटायला मालकाला खानसाहेब ठेवावा लागला, मंग इतकी वर्षं बायको सांगून राह्यली ते काय भिंतीला सांगत व्हती का. सगळे हसले आणि त्या हसण्यावर आणखी एक चिलीम झाली. मी म्हणतो, झाले ते चांगले झाले. आमच्याने मात्र हे होणे नाही. ह्यांची चिलीम पेटल्याशिवाय बैलसुद्धा उठत नाहीत, असे तुझी वहिनी म्हणते. इकडे मळ्यात चिलीम, पारावर चिलीम, बारशाला चिलीम आणि मयतीलाही चिलीम. आडवा हात घालणारा अजून जन्मायचा आहे.

मी मार्गशीर्ष शुद्ध दशमीला जालन्यात येतो. तुझ्यासाठी फेटा आणतो, तुझा तो विटका बांधून येऊ नकोस. रखमाजी घरंदाज आहे, पण भावकी मोठी आणि मानापानाची. तू कमी बोल, बोलायचे ते मी बोलतो. ज्येष्ठमध चघळत राहा, बैठकीत खोकला यायला नको. सगुणाला सांग की काकाने तिच्या लग्नात नेसायचे लुगडे कोणत्या रंगाचे ते आत्ताच ठरवून ठेवले आहे, तिला विचारणार नाही.

जपून असावे. लोभाला खळ पडू देऊ नये.
तुझा
बद्रीनाथ


॥ श्री ॥
पिंपळगाव रेणुकाई, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

चि. भुजंगास आशीर्वाद. काल कचरू अंबडहून मुद्दाम येऊन गेला. त्याने जे सांगितले ते ऐकून रात्री जेवलो नाही.

रखमाजीच्या काकी घरी नाहीत, पुढच्या खेपेला सुपारी फोडू, असे म्हणून मंठेकरांनी आपल्याला परत लावून दिले ना, ते सगळे निमित्त होते. काकी आतल्या घरात भाजी निवडत बसल्या होत्या. खरे कारण तुझी चिलीम. बैठकीत ती फिरत आली, मी दम मारला, तुझ्या हातात दिली. तू कपाळाला लावलीस आणि पुढच्या माणसाला देऊन टाकलीस. मी शेजारीच होतो, पण रखमाजीशी बोलण्याच्या नादात माझे लक्ष गेले नाही. तिकडच्या सगळ्यांचे गेले.

अरे, सोयरिकीची चिलीम काय तंबाखूसाठी असते? चिलमीला गुंडाळलेल्या एकाच ओल्या छापीतून दोन्हीकडच्यांनी ओढले म्हणजे आपण एका ताटातले झालो. ज्याच्याशी व्यवहार तोडायचा त्याची चिलीम बंद करतात, हे तुला मी सांगायला पाहिजे का? रखमाजीच्या चुलत्याने कचरूला विचारले की एक तर जालनेकरांना आम्ही हलके वाटून राह्यलो, न्हाई तर जातीनं त्याच्यावर काही दंड बसवला असल, एरवी थोरला ओढतो आन् धाकटा तोंड लावत न्हाई हे कसं.

आता ऐक. पौष लागला की महिनाभर कोणी सुपारीचे नाव काढणार नाही आणि तेवढ्यात ही गोष्ट दहा गावे फिरेल. मग सगुणासाठी कोणाच्या दारात जायचे? आठवड्याच्या आत मंठ्याला जा, रखमाजीजवळ बस आणि सगळ्यांदेखत एक दम मार. एकच. तेवढ्याने काय आभाळ कोसळते?

रागाने लिहिले आहे. राग पोरीच्या काळजीचा आहे, तेवढे समजून घे.
तुझा
दादा


॥ श्रीरेणुका प्रसन्न ॥
जालना, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

तीर्थरूप दादांचे सेवेसी, भुजंगाचा सा. नमस्कार वि. वि. आपले पत्र मिळाले. सगुणाच्या आईने माझा चेहरा पाहूनच काय ते ओळखले.

माझी अक्कल कशी चालली ते सांगतो. चिलीम हातात आली तेव्हा आपण शेजारी बसलेले. मी आजवर आपल्यासमोर ओढलेली नाही. वाटले की थोरल्या भावापुढे दम मारला तर हेच लोक म्हणतील, याला वळण नाही. मला बिडी सुटलेली राखायची होती आणि त्याला आपल्या मानाचे पांघरूण आयतेच मिळाले. उलट मी मनात खूश होतो की मंठेकरांना आपल्या घरची रीत दिसली. मान राखायला गेलो आणि अपमान करून आलो.

आता त्या एका दमाबद्दल. गेल्या सालच्या दिवाळीला गावी आलो होतो तेव्हाही बिडी महिनाभर बंद होती. आपल्या मागे मळ्यात कडूबाने एकच म्हणून चिलीम पुढे केली. तिथे अजमत खां नव्हता की सरकीचे गोदाम नव्हते. परत आलो तो बंडल घेऊनच आलो. शिमग्यापर्यंत असा खोकलो की अंबडचे लोक सगुणाला बघायला आले तेव्हा मला मागच्या खोलीत बसवून ठेवावे लागले. तरी आवाज भिंतीतून गेलाच. तेव्हा एकच दम हा शब्द मला भिववतो. मंठ्याला खरे कारण सांगावे, तर छातीचे नाव काढताच तेही क्षय म्हणतील.

सगुणाची आई म्हणते की ओढून टाका, पोरीपुढं छातीचं काय एवढं. म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. सगुणा चुलीपाशी होती, तिने सगळे ऐकले होते. मी विचारले तर म्हणाली की आबा, ओढा म्हणावं का नका म्हणावं, मला काईच कळून न्हाई राह्यलं. दादा, पोरीला असा प्रश्न पडावा याचीच मला लाज वाटते.

मी थकलो. ओढले तर छाती जाते, न ओढले तर तिचा संसार जातो, आणि दोन्हींत निवड करण्याचे बळ माझ्यात उरलेले नाही. आपण थोरले आहात. आपण आज्ञा करा, मी रजा घेऊन मंठ्याला जातो आणि ओढून येतो. पुन्हा त्याबद्दल एक अक्षर काढणार नाही. उत्तर जल्दी यावे.

आपल्या पायाशी असलेला
भुजंग


॥ श्रीरेणुका प्रसन्न ॥
पिंपळगाव रेणुकाई, मार्गशीर्ष वद्य द्वादशी

चि. भुजंगास व सौ. सगुणाच्या आईस अनेक आशीर्वाद. आधी गोड बातमी. सुपारी फुटली. लग्न वैशाखात, आपल्या दारात, पिंपळगावला. सगुणाच्या तोंडात माझ्या नावाने साखर घाला.

तुझे पत्र वाचून दोन दिवस नुसत्या मळ्यात चकरा मारल्या. तुला ओढ म्हणायला जीभ रेटेना आणि नको म्हणायचीही हिंमत होईना. शेवटी कचरूला बरोबर घेऊन मीच मंठा गाठला. जालन्यावरूनच गेलो, पण तुझ्याकडे उतरलो नाही. तुला बघितले असते तर काहीतरी भलतेच बोलून बसलो असतो.

बैठक बसली. चुलते, मावसे, झाडून सगळे हजर. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. चिलीम भरली, पेटली, माझ्यापर्यंत आली. मी ठरवून काही गेलो नव्हतो, देवीची शपथ. चिलीम हातात घेतली, कपाळाला लावली आणि तोंडातून निघून गेले की पाव्हनं, आमच्या घरानं ही रेणुकाईला सोडली. धाकट्यानं आधी सोडली, मी मागच्या खेपेला तुमच्यात बसून शेवटची ओढली. म्हणून त्यानं कपाळाला लावून पुढं दिली, तुमचा मान व्हता म्हणून कपाळाला लावली.

तुला काय सांगू, सगळी बैठक सैल झाली. काशीला जाऊन वांगे सोडून आलेल्याला कोणी वांगे वाढत नाही, तशी देवाला सोडलेल्या वस्तूची जबरदस्ती कोण करणार? रखमाजी उठून जवळ आला आणि म्हणाला की मंग आधीच सांगायचं व्हतं, आम्ही उगंच मनात आणलं, आमाला माफी करा. चिलीम त्याने स्वतः बाहेर नेऊन ठेवली. एका ताटातला गूळ दोघांनी खाल्ला, एका लोट्यातले पाणी प्यालो आणि काकींनी आतून सुपारी पाठवली.

आता माझे सांगतो. ती चिलीम बाहेर गेली तेव्हा माझा जीव तिच्या मागोमाग गेला. गूळ खात होतो आणि तोंडाला पाणी भलत्याच गोष्टीसाठी सुटत होते. घरी येईपर्यंत वाटेत नुसता तंबाखूचा वास आठवत होतो. तुझ्यापुरते बोललो असतो तर एकवेळ चालले असते, पण मी घर म्हणालो. देवीचे नाव घेऊन म्हणालो, पोरीच्या सुपारीवर म्हणालो. आता ते खरे करणे आले. लग्नाला मंठ्याची सगळी भावकी इथे उतरेल आणि तोवर येणेजाणे राहणारच. मी चिलमीसह सापडलो तर नुसती सोयरीक मोडणार नाही, पोरीला खोटारड्यांच्या घरची म्हणतील.

उद्यापासून बंद. बघू.
तुझा
दादा


॥ श्रीरेणुका प्रसन्न ॥
जालना, पौष शुद्ध षष्ठी

तीर्थरूप दादांचे सेवेसी, भुजंगाचा सा. नमस्कार वि. वि. आपले पत्र सगुणाने वाचून दाखवले. साखरेच्या ओळीपाशी तिने पत्र माझ्या हातात दिले, पुढचे मी वाचले. त्या रात्री मला खूप दिवसांनी झोप लागली. सगुणाच्या आईने आपल्या नावाने देवापुढे दिवा लावला आणि लागलीच लुगड्याच्या रंगावरून आपल्याशी भांडायची तयारी केली.

आपण माझ्यासाठी जे बोललात ते माझ्याने फिटायचे नाही. पण मला आपली फार काळजी लागली आहे. आपण निश्चयाचे माणूस, आपल्याला वाटत असेल की नाही म्हटले म्हणजे झाले. मी तसा नाही, म्हणून मला वेगळे कळले. मी मन घट्ट केले तेव्हा बिडी कधीच सुटली नाही. जिथे ओढायचो ती ठिकाणे एकेक करून बंद झाली, तेव्हा मन आपोआप मागे मागे गेले. पहिले पंधरा दिवस वाईट जातात, माणूस बायकोपोरांवर खेकसतो, पोट साफ होत नाही. पुढे उतार पडतो. माझा खोकला आता बराच उतरला आहे, जिना एका दमात चढतो.

तेव्हा रागावू नये, पण काही दिवस पारावर बसू नये. कडूबाला स्पष्ट सांगावे. तोंडात लवंग ठेवावी.

आपली माया हीच माझी कमाई.
भुजंग


॥ श्री ॥
पिंपळगाव रेणुकाई, माघ वद्य तृतीया

चि. भुजंगास आशीर्वाद. ज्वारी हुरड्यातून पुढे गेली, काढणीला आली. कालवड चरायला लागली. हे सगळे ठीक. माझे ठीक नाही, म्हणून इतके दिवस पत्र लिहिले नाही.

लवंगा खाऊन जीभ पोळली. पारावर बसणे सोडले, तर पारच घरी आला. दादा आजारी हाएत का म्हणून एकेक जण विचारायला येतो आणि येताना चिलीम घेऊन येतो. कडूबाला स्पष्ट सांगितले. त्याने कान धरले, आठ दिवस तोंड दाखवले नाही, मग मलाच करमेना, मीच त्याच्या मळ्यात गेलो. तुझ्या वहिनीने माझी चिलीम उकिरड्यावर फोडली, तर गड्याने बिनबोलता नवी आणून माझ्या उशाशी ठेवली. धन्याची सेवा म्हणून. कारभारीला मी सांगितले की ओढताना दिसलो तर हातातून काढून घे. एकदा दिसलो. तो खाली मान घालून उभा राहिला आणि निघून गेला. रात्री आईला म्हणाला की बापाच्या हाताला मी कसा हात घालू, माझ्याच्यानं न्हाई होणार.

मागल्या आठवड्यात तर हद्द झाली. मी गोठ्यामागे ओढत बसलो होतो, तोच मंठ्याचा माणूस लग्नाच्या दिवसाचा निरोप घेऊन आला. घाईत चिलीम कडब्यात खुपसली. मी त्याच्याशी बोलतोय आणि मागे कडबा धुमसू लागला. तुझ्या वहिनीने घागर ओतली आणि पाव्हण्याला सांगितले की ढोरांना चिलटं लई झाली, म्हणून धुरी केली. पाव्हणा बिचारा म्हणाला की आमच्याकडंबी तसंच हाय. तो जेवून गेला. मी जेवलो नाही. तिन्हीसांजेला देवळात गेलो आणि देवीकडे वर बघता आले नाही. पन्नाशी उलटलेला माणूस गोठ्यामागे लपतो आणि बायको त्याच्यासाठी खोटे बोलते. पोरीच्या सुपारीवर मी ठिणगी ठेवून बसलो आहे, भुजंग. हा वैशाख माझ्याने निभेल असे मला वाटत नाही.

मी पुष्कळ विचार केला. या गावात मला कोणी नाही म्हणत नाही. बाप गेल्यापासून कोणी म्हणालेच नाही. इतकी वर्षे हा मोठेपणा वाटत होता, आता तोच माझ्या मुळावर आला आहे.

तेव्हा तुला लिहितो. खळे कारभारी बघेल. मी फाल्गुनात जालन्याला येतो, लग्नाच्या तयारीला म्हणून, इथे कोणी काही विचारणार नाही. तुझ्या जिनिंगमध्ये मला फाटकाच्या आत काही काम बघ. सरकी झाडायचे असो, पोती उचलायचे असो, मजुरी काय ती देतील. घरी शेतीचा धनी आहे हे मालकाला सांगू नको. दिवसभर आत राहीन, रात्री तुमच्या त्या गोदामावरच्या खोलीत निजेन. आणि अजमत खांला आधीच सांगून ठेव, थोरला भाऊ येतो आहे म्हणून मुरवत धरायची नाही. खिसे चाचपावे, कमरेचा कसा सोडून बघावा, फेट्याचा पदरही उलगडावा. मी रागावेन, शिव्यासुद्धा देईन. तरी त्याने हात मागे घेऊ नये.

पोरीला यातले काही सांगू नको. लोभ ठेव. आता मागायची पाळी माझी आहे.
तुझा
दादा